तुळशीच्या लग्नानंतर तार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात, बुलडाणा येथे आपल्या सभागृहात एका सभासदाने दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीनं मला विषय दिला ‘बोन्साय’. विषय मोठा आहे आणि नंतर आरती आहे, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेणार आहे. बोन्सायच्या फांदीला तार कधी घालायची, एवढंच. हाच तुकडा का, तर गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून पंधरा-वीस तरी बोन्साय आली. कुणाला निवृत्तीची भेट म्हणून, कुणाला वास्तुशांतीला, कुणी पुण्याच्या प्रदर्शनातून हौसेनं आणलेली. त्यात जुनिपर जास्त होती, कारण ते दिसायला देखणं. त्यातली किती उरली, ते तुम्ही मनातल्या मनात मोजा. बहुतेकांचं झाड ज्येष्ठात गेलं आणि बहुतेकांनी त्याच्या आधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला तार घातली होती. मला विचारतात, “भाऊ, पाणी तर रोज देऊन राहिलो, मग झाड कामून वाळलं?” उत्तर पाण्यात कमी आणि तारखेत जास्त आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. बोन्साय हा जपानी शब्द. बोन म्हणजे उथळ ताटासारखी कुंडी आणि साय म्हणजे लावणं. उथळ कुंडीत लावलेलं झाड, एवढाच त्याचा अर्थ. मूळ कला चीनची, जपाननं ती वाढवली. १९२३ साली टोकियोच्या भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या बोन्साय करणाऱ्या मंडळींनी शहराबाहेर ओमिया इथे मोकळी जागा आणि चांगलं पाणी पाहून १९२५ मध्ये आपलं गावच वसवलं. ते बोन्साय गाव आजही आहे. आपण जी पुस्तकं वाचतो, जे व्हिडिओ पाहतो, त्यांचं मूळ शेवटी तिथल्या हवेत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा शब्द जुनिपर. हे थंड मुलखाचं झाड. आपल्या देशात ते हिमालयात आहे, लाहौल-स्पीती, लडाखकडे. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याच्या पाल्याचा धूप देवापुढे जाळतात. आयुर्वेदात हपुषा नावाची फळं येतात, तीही याच कुळातली. महाराष्ट्रात जुनिपर रानात कुठंच उगवत नाही. नर्सरीत आपल्याला मिळतं ते बहुतेक चिनी जुनिपर, ते बागेत आणि कुंडीत सांभाळून वाढवलेलं असतं. जपानी लोक बोन्सायसाठी याच झाडाचा डोंगरातला एक प्रकार वापरतात, त्याला शिंपाकू म्हणतात.

एक खबरदारी. जुनिपर म्हणून कधीकधी मोरपंखी गळ्यात मारतात. मोरपंखीचा पाला चपटा असतो, हाताचा पंजा उभा धरावा तसा. जुनिपरचा पाला फांदीभोवती सगळीकडून असतो, एक तर बारीक टोचणारा, नाही तर गोफ विणल्यासारखा गोल. मोरपंखी वाईट नाही, आपल्या उन्हात ती जुनिपरपेक्षा बरी टिकते. पण आपण काय घेतो आहोत ते ठाऊक असावं.

आता तार. फांदीला ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची तार गुंडाळायची, फांदी हव्या त्या दिशेला हळूहळू वाकवायची आणि काही महिने तशीच ठेवायची. त्या काळात फांदीत नवं लाकूड तयार होतं, ते नव्या आकारातच तयार होतं, आणि तार काढली तरी फांदी तिथेच राहते. म्हणजे आकार तार देत नाही. तार फक्त फांदीला धरून ठेवते, आकार झाड स्वतः देतं. झाड जगलं, वाढलं तरच तारेचा उपयोग. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, पण हाड प्लास्टर जोडत नाही, शरीर जोडतं. तसंच हे.

फांदी वाकवताना आत काय होतं? सालीच्या आतल्या थरात बारीक चिरा पडतात. बाहेरून दिसत नाहीत. त्या भरून काढायला झाडाला ताकद लागते आणि वेळ लागतो. तेवढे दिवस त्या फांदीला पाणी कमी पोहोचतं. म्हणून माझं आजचं एकच वाक्य घरी घेऊन जा: तार घालताना आजची हवा पाहू नका, पुढच्या दोन-तीन महिन्यांची हवा पाहा. झाड बरं व्हायला तेवढा काळ मिळणार आहे की नाही, यावर तारेची तारीख ठरते.

आता ओमियाची आठवण काढा. तिकडच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, जुनिपरला तार पानगळीच्या शेवटापासून वसंताच्या तोंडापर्यंत घालावी. बरोबरच आहे. तिकडे फेब्रुवारी सरला की मार्च, एप्रिल, मे असे सौम्य महिने येतात. झाड आरामात बरं होतं. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की काय येतं? शिमगा आला की ऊन तापायला लागतं. एप्रिलमध्ये चाळिशी गाठते. आपण घाटावर आहोत, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणून आपल्याला तरी जरा बरं. राजूर घाट उतरून मलकापूरकडे जा, नाही तर बोथ्याच्या जंगलातून खामगावला उतरा, तिथे मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. फेब्रुवारीत वाकवलेलं झाड पूर्ण बरं व्हायच्या आत त्या भट्टीत सापडतं. पुस्तक चुकलेलं नाही. पुस्तकातला मार्च आपला मार्च नाही, एवढंच.

म्हणून जुनिपरसाठी आपल्या भागाचा मुहूर्त मी असा सांगतो: तुळशीच्या लग्नापासून मकरसंक्रांतीपर्यंत. साधारण नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा मध्य. दिवाळी लवकर आली तर पाडव्याला घाई करू नका, ऑक्टोबरची उष्मा तेव्हा गेलेली नसते. तुळशीचं लग्न लागू द्या, सकाळी अंगावर स्वेटर येऊ द्या, मग तार हातात घ्या. संक्रांतीनंतर मात्र जुनिपरला मोठा वाक देऊ नका. बारीक डहाळ्या इकडच्या तिकडे करायच्या असतील तर चालेल, जाड फांदी पुढच्या वर्षी.

हाच काळ का? चार कारणं आहेत.

पहिलं, थंडीत वाढ मंद असते, साल लाकडाला घट्ट धरून असते. वाढ जोरात असताना साल आतून ओली, सैल होते आणि वाकवताना लाकडापासून सुटते. साल सुटली की फांदी गेली.

दुसरं, थंडीत पाल्यातून पाणी कमी उडतं. चिरा पडलेल्या फांदीला तेवढा आराम.

तिसरं, फांदी हळू जाड होते, त्यामुळे तार लगेच सालीत रुतत नाही.

चौथं, पावसाळी दमट हवा गेलेली असते. जुनिपरला दमट, कोंदट हवेत बुरशीचा त्रास होतो, शेंडे तपकिरी पडतात. म्हणून ‘पावसाळ्यात सगळं जगतं’ हा आपला नियम जुनिपरला लावू नका.

आता मघाशी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आपल्याच एका निवृत्त गुरुजींनी मला गाठलं. मुलीनं दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून जुनिपर आणून दिलं. ती पुढच्या मेमध्ये सुटीला येणार, तोवर झाडाला छान वळण आलेलं दाखवावं, अशी त्यांची इच्छा. मी म्हटलं, गुरुजी, या वर्षी तार नको. नवीन माणूस घरात आलं की आपण त्याला आधी रुळू देतो, पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर सोपवत नाही. झाडाला आपलं घर, आपलं पाणी, आपला उन्हाळा एकदा बघू द्या. मुलगी मेमध्ये येईल तेव्हा झाड हिरवंगार दाखवा. वळण त्याच्या पुढच्या कार्तिकात. गुरुजींचा चेहरा जरा उतरला, पण ते ऐकतील असं वाटतं. शिकवताना पोरांना घाई करू नका म्हणून त्यांनीच आपल्याला सांगितलेलं आहे.

आणि झाड हिरवं आहे की नाही, हेही जुनिपरच्या बाबतीत फसवं असतं. मुळं कुजली किंवा वाळली तरी त्याचा पाला कित्येक आठवडे हिरवा दिसतो. गुलाब दोन दिवसांत मान टाकतो, जुनिपर टाकत नाही. म्हणून तार घालण्याआधी नुसता रंग पाहू नका. शेंड्यांना नवी, जरा फिकट, तजेलदार वाढ आहे का पाहा. पाला हातानं दाबला तर लवचिक लागतो की कुरकुरीत, ते पाहा. पाल्याखाली पांढरा कागद धरून फांदी टिचकीनं झटका. कागदावर लाल-तपकिरी ठिपके चालायला लागले तर तो कोळी आहे. कोरड्या उन्हात तो फार वाढतो. आधी पाण्याच्या फवाऱ्यानं पाला आतून-बाहेरून धुवा, कोळी घालवा, मग पुढचं. आजारी झाडाला तार घालायची नाही. हा नियम सगळ्या झाडांना.

आता प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगतो.

तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. करंगळीएवढ्या फांदीला तीन-चार मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार, बारीक डहाळीला एक-दीड मिलिमीटरची. तांब्याची तार जास्त ताकदीची, ती याहून बारीक चालते. शिकणाऱ्यानं ॲल्युमिनियमपासूनच सुरुवात करावी, ती मऊ असते. घरात जुन्या वायरिंगची तांब्याची एकतारी पडलेली असेल तर वरचं प्लास्टिक चाकूनं सोलून काढा. ते जाळू नका, धूर विषारी असतो. सोललेली तार कडक वाटली तर गोवऱ्यांच्या विस्तवात मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, मऊ होते. हे काम मोठ्यांचं आहे, बालसेनेनं दुरून पाहायचं.

आदल्या दिवशी पाणी जरा कमी द्यावं, फांदी थोडी जास्त लवते. तार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे गुंडाळायची, पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी. वेढे फार जवळ घेतले तर तार लवचिक राहते आणि फांदी धरत नाही, फार दूर घेतले तर नुसती लोंबते. एक तार शक्यतो दोन फांद्यांना मिळून घ्या, म्हणजे ती खोडावर अडकून राहते. जिथे वाक द्यायचा तिथे तारेचा वेढा वाकाच्या बाहेरच्या अंगाला आला पाहिजे, तोच फांदीला तडकू देत नाही. पाला तारेखाली चेमटू देऊ नका. वाकवताना दोन्ही अंगठे आतल्या बाजूला टेकवून, थोडं थोडं. करकर ऐकू आली की थांबा. राहिलेला वाक महिन्याभरानं द्या.

जुनिपरची छाटणी करताना एक गोष्ट विसरू नका. या झाडाची शिदोरी त्याच्या पाल्यात असते. एखाद्या फांदीचा सगळा पाला काढला तर त्या बोडक्या लाकडातून नवा फुटवा येत नाही, ती फांदी मरते. वड-पिंपळासारखं ‘कापलं की फुटतं’ इथे नाही. म्हणून एकाच दिवशी छाटणी, तार आणि कुंडी बदलणं असा तिहेरी कार्यक्रम कधीच करू नका. या वर्षी तार, कुंडी पुढच्या वर्षी.

तार घातल्यावर दोन-तीन आठवडे झाड सावलीत, पण उजेडात ठेवा. मग सकाळचं ऊन. महिनाभर खत नको. पाल्यावर दिवसातून एकदा पाण्याचा बारीक फवारा. होळीच्या सुमारास तार रुतते आहे का ते तपासा. पावसाळ्यात वाढ जोरात होते, तेव्हा दर आठवड्याला तपासा. रुतायला लागली की कटरनं तुकडे तुकडे करून कापून काढा. तार वाचवायला म्हणून उलटी उलगडत बसू नका, त्यातच फांद्या मोडतात. तारेचे पैसे परत येतात, दहा वर्षांची फांदी येत नाही.

आणि उन्हाळा. आपल्या गच्चीचा स्लॅब रात्री नऊलासुद्धा पायाला चटका देतो. उथळ कुंडी त्यावर ठेवली म्हणजे तव्यावर ठेवली. विटांवर फळी, फळीवर कुंडी आणि वर हिरवी जाळी. पूर्वेची बाल्कनी ज्यांना आहे ते भाग्यवान. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी सावली.

इथवर ऐकून काही जण मनात म्हणत असतील, एवढं कुणी करायचं? त्यांच्यासाठी आता दुसरा, सोपा भाग. जुनिपरच पाहिजे असं कुणी सांगितलं? आपल्याकडे वड आहे, पिंपळ आहे, उंबर आहे, चिंच आहे, बोगनवेल आहे. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख या दांपत्यानं कितीतरी वर्षं बोन्सायचं काम केलं. पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आणि परिषद झाली. महाराष्ट्रात ही कला रुजली त्यात आपल्या उष्ण हवेत वाढणाऱ्या झाडांचा वाटा मोठा आहे. कारण साधं आहे. वडाला आपला उन्हाळा परका नाही.

वडाचा मुहूर्त मात्र जुनिपरच्या अगदी उलटा. वटपौर्णिमेपासून गणपतीपर्यंत. मृगाचा पाऊस नीट बसला, हवेत ओल आली, की वड, पिंपळ, उंबर जोरात वाढतात. वाकवलेली फांदी पटकन भरून येते. नियम तोच आहे, पुढचे दोन-तीन महिने पाहा. जूननंतर त्यांच्यासाठी चांगले महिने येतात. पण वाढ जोरात म्हणजे फांदी जाडही झपाट्यानं होते. जुनिपरवर तार सहा-आठ महिने राहते, वडावर सहा-आठ आठवड्यांत रुतते. श्रावणात दर रविवारी तपासा. रुतलेल्या तारेचे व्रण वडावर वर्षानुवर्षं दिसतात.

पिंपळाची पानं माघ-फाल्गुनात गळतात. तेव्हा फांद्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो आणि तार घालायला हात शिवशिवतात. आपण घाटावर, पाणी वेळेवर देणारं घरात कुणी असेल तर तेव्हा हलकी तार चालते. घाटाखालच्या नातेवाइकांना मात्र पावसापर्यंत थांबायला सांगा. बोगनवेलीचं जुनं लाकूड काडीसारखं कटकन मोडतं, म्हणून तिची कोवळी, अर्धी हिरवी फांदीच वळवायची, तीही पावसाच्या सुरुवातीला. चिंचेच्या बारीक डहाळ्या सहज वळतात, तिला पावसाळाच बरा.

आता हा माल आणायचा कुठून? विकत आणूच नका. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. गच्चीचा कठडा, ड्रेनेजच्या पाइपाचा सांधा, जिन्याची मागची भिंत, सगळीकडे दर पावसाळ्यात पिंपळ, वड, उंबर उगवतात. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं, तिथे ओल मिळाली की रोप उभं राहतं. ते वाढू दिलं तर मुळं भेग रुंद करतात, पाणी मुरतं, मग वरच्या मजल्यावरचे आणि खालच्या मजल्यावरचे आपसांत बोलत नाहीत. सर्वसाधारण सभेत हा विषय दरवर्षी येतो, सचिवांना विचारा! ती रोपं काढावीच लागतात. मग आषाढात, भिंत ओली असताना, मुळासकट हलक्या हातानं काढा. भेग सिमेंटनं नीट बुजवून घ्या. आणि रोप फेकण्याऐवजी कुंडीत लावा. भेगेत वाढल्यानं त्याचं खोड तळाशी आधीच वाकडंतिकडं, फुगलेलं असतं. बोन्साय करणारे त्यासाठीच झुरतात. इमारतही वाचली आणि झाडही वाचलं.

वटपौर्णिमेला आपल्या भगिनी वडाची फांदी घरी आणून पूजा करतात. दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. त्यातली बोटाएवढी जाड, ताजी काडी असेल तर कुंडीत खोचा. पावसात तिला मुळं फुटण्याची चांगली शक्यता असते. पूजेतला वड घरातच राहील.

माती आपल्या शेतातली काळी नको. ती पाणी धरून ठेवते, वाळली की तडकते, मुळं तुटतात. विटांचा चाळलेला चुरा, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत, असं मोकळं मिश्रण करा. वरून पाणी घातलं की खालच्या भोकातून लगेच बाहेर आलं पाहिजे.

शेवटी पाण्याबद्दल. येळगाव धरणात किती पाणी आहे यावर आपलं शहर उन्हाळ्यात जगतं. उथळ कुंडीला मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी लागतं, पण लागतं ते लोटाभर. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. खरी अडचण पाण्याची नसून माणसांची आहे. आपण चार दिवस गावी जातो, लग्नाला जातो, शेगावला पारायणाला बसतो, आणि तेवढ्यात झाड जातं. सहकारी संस्था म्हणून नाव लावलं आहे, तर इथे सहकार दाखवू. गावी जाताना कुंडी शेजाऱ्यांच्या दारात ठेवायची आणि त्यांनी हक्कानं सांभाळायची. सुटीतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, हा माझा अनुभव आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

(भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतील काही भाग.)

एका आजींनी विचारलं, “बाप्पा, झाडाला असं तारेनं बांधून ठेवणं म्हणजे पापच नाही का?”

आजी, प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारलाच पाहिजे. तार घालून विसरून जाणं, आजारी झाडाला वाकवणं, कुंडीत उपाशी ठेवणं, याला मीही छळच म्हणेन. पण नीट सांभाळलेलं बोन्साय खुजं असतं, उपाशी नसतं. जपानमध्ये हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे एक पाइनचं बोन्साय होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब पडला तेव्हा ते त्यांच्या अंगणात भिंतीच्या आडोशाला होतं, म्हणून वाचलं. १९७६ मध्ये त्यांनी ते झाड अमेरिकेला भेट दिलं आणि आज ते तिथल्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. १६२५ पासून त्याला कुंडीत वाढवत आले आहेत. छळलेलं झाड पिढ्यान् पिढ्या जगत नाही. तार काही महिन्यांची, सांभाळणं जन्मभराचं, असं मानणाऱ्यानंच हे करावं.

एक वहिनी म्हणाल्या, “घरात बोन्साय ठेवू नये, प्रगती खुंटते म्हणतात.”

वहिनी, बोन्साय तसंही घरात ठेवायचं नसतंच, पण कारण वेगळं आहे. जुनिपर काय, वड काय, त्यांना ऊन आणि वारा लागतो. टीव्हीशेजारी ठेवलेलं जुनिपर महिन्या-दोन महिन्यांत संपतं. बाल्कनीत किंवा गच्चीवर ठेवा. पाहुणे आले तर तासभर बैठकीत आणा, परत बाहेर न्या. म्हणजे तुमचाही नियम पाळला आणि झाडाचाही.

आठवीतल्या एका मुलानं विचारलं, “काका, माझ्या वडाला आता, म्हणजे गणपतीत तार घालू का?”

आता शेवटची संधी आहे. बारीक फांद्यांना घाल, जाड खोडाला पुढच्या आषाढात. आणि घातलीस तर दिवाळीच्या आधी काढायची. कॅलेंडरवर आजच लिहून ठेव.

“जुनिपर वाळायला लागलंय असं वाटलं तर पहिलं काय करायचं?”

तार असेल तर तशीच राहू द्या, हलवाहलव करू नका. खत नको, कुंडी बदलणं नको. सावली, मुळाशी माती ओलसर पण चिखल नाही, आणि पाल्यावर फवारा. घाबरून माणूस जास्त पाणी घालतो आणि उरलेली मुळं कुजतात. बोटाचं एक पेर मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी.

मंडळी, अध्यक्षांनी परवानगी दिली आहे, म्हणून एक जाहीर करून थांबतो. तुळशीचं लग्न झाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, सकाळी नऊ वाजता, या सभागृहाच्या मागच्या ओट्यावर आपापली झाडं घेऊन या. तार आणि कटर मी आणतो. ज्यांचं जुनिपर वर्षभर जुनं आणि निरोगी आहे, त्यांच्या झाडाला तिथेच तार घालू. ज्यांचं नवं आहे, त्यांनी पाहायला या. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांनी गच्चीच्या कठड्यावर नजर टाकून या, पुढच्या आषाढाचं झाड तिथे उगवलेलं सापडेल.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!